रुमालाखालचा भाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवर बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. "लग्नाला गेलं तरी मांडवाच्या खांबाआडची खुर्ची शोधता, आणि तुम्ही अख्ख्या जिल्ह्याशी बोलणार?" बायको म्हणाली. मी म्हटलं, अगं, रेडिओवर समोर कोणी नसतं. एक बंद खोली, एक मायक्रोफोन आणि काचेपलीकडे एक भला माणूस. माझ्यासारख्याला याहून चांगली सभा कुठली मिळणार?

आज बोलायचं आहे ते अशाच माणसांबद्दल. ज्यांना काम येतं, पण चारचौघांत जाऊन 'मला काम येतं' असं सांगता येत नाही, त्यांच्याबद्दल.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काष्टीतला एक तरुण माझ्याकडे आला. घरी दोन संकरित गाई, थोडा ऊस. पोरगा संगणकावर लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. हात चांगला आहे. उंबऱ्याशी बराच वेळ चुळबुळत उभा राहिला आणि मग एका दमात म्हणाला, "चाचा, मला काम येतं, पण माणसांत जाऊन बोलता येत नाही. सगळे म्हणतात ओळखी वाढव, मेळाव्यांना जा, कार्डं वाट, रोज पाच जणांना फोन कर. मी फोन हातात घेतो आणि परत खाली ठेवतो. माझा धंदा होईल का?"

मी म्हटलं, "हे मला का विचारतोस?"

"तुम्हीही बोलत नाही ना कोणाशी. तरी इतकी वर्षं घर चाललंय तुमचं, म्हणून."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. नंतर बसून जे सुचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझं काम आधी सांगतो. मी कविता लिहितो, पण कवितेवर घर चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोट चालतं ते मुद्रितशोधनावर. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेली ओळ, मागच्या प्रकरणात मेलेला आणि पुढच्यात जेवायला बसलेला माणूस. मराठी लेखनाचे नियम मोजून अठरा. १९६२ साली चौदा मंजूर झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. पण अठरा नियमांत मावेल एवढी भाषा लहान थोडीच आहे? गावोगावी 'वर्धापन दीन' लिहिलेले फलक तुम्ही पाहिले असतील. 'दिन' ऱ्हस्व म्हणजे दिवस, 'दीन' दीर्घ म्हणजे गरीब. त्यात आमच्या घरात दीन म्हणजे धर्म. एका वेलांटीसाठी भांडणारा माणूस मी. हे काम एकट्यानं, गप्प बसून करायचं. माझ्या स्वभावाला ते मिळालं, हे नशीबच म्हणायचं.

आता गंमत बघा. असा गप्प माणूस जन्मला कुठे, तर काष्टीत. दौंड आणि श्रीगोंद्याच्या मधलं आमचं गाव, शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. शनिवारी तिथं बैल, गाई, म्हशी, शेळ्या आणि त्यांच्याहून जास्त माणसं. हेडी म्हणजे जनावरांचे व्यापारी, दलाल, शेतकरी, चहावाले, कासरे-गोंडे विकणारे. एकेकाचा आवाज असा की मेलेलं जनावर उठून उभं राहावं. लहानपणी मला वाटायचं, धंदा करायचा तर असाच आवाज पाहिजे. आपल्याला तो नाही, म्हणजे आपण नोकरीच धरावी.

पण त्याच बाजारात दोन गोष्टी होत्या ज्या मी रोज बघत होतो आणि मला कळत नव्हत्या.

पहिली गोष्ट माझे अब्बा. ते नालबंद होते. बैलांना पत्री मारायचं त्यांचं काम. बैलाला दोरानं पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासून सारखा करायचा आणि मग लोखंडी पत्री ठोकायची. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. खिळा जरा जरी आत गेला तरी जनावर लंगडतं. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला की बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडीवाल्यांच्या गाड्या यायच्या. पुढचे चार-पाच महिने बैलांना डांबरी रस्त्यावर ओझं ओढायचं असायचं. खूर झिजला तर बैल बसणार आणि बैल बसला तर उचल फेडायची कशी? त्या माणसाचा सगळा हंगाम अब्बांच्या खिळ्यावर अवलंबून असायचा.

अब्बा दिवसभरात वीस वाक्यंही बोलत नसतील. कोणाला हाक मारून बोलावलं नाही, कोणाच्या बैलाची तारीफ केली नाही. त्यांची जागा मात्र ठरलेली. एका लिंबाच्या झाडाखाली दर शनिवारी उजाडताच त्यांची पेटी उघडलेली असायची. पाऊस असो, सण असो, घरात आजारपण असो. नवा माणूस विचारायचा, "पत्री कोण चांगली मारतं?" दुसरा म्हणायचा, "त्या लिंबाखाली जा." अब्बांची एवढीच जाहिरात होती आणि ती करणारी माणसं अब्बांना नावानंही ओळखत नसत.

दुसरी गोष्ट म्हणजे सौद्याची जुनी पद्धत. बाजारात एवढा कल्लोळ, पण मुख्य गोष्ट, म्हणजे भाव, कोणी तोंडानं बोलायचंच नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात द्यायचे, वर रुमाल किंवा टॉवेल टाकायचे आणि त्याखाली बोटांनी बोलायचे. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार, हे जनावर बघून दोघांना आधीच कळलेलं असायचं. याला आमच्याकडे हत्ता म्हणतात. कान मान हलायची, हात झटकला जायचा, परत धरला जायचा. मग एकजण रुमाल काढायचा आणि इसार दिला जायचा. शेजारी उभ्या माणसालाही कळायचं नाही की बैल कितीला गेला. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाजारात सगळ्यात मोठा व्यवहार न बोलता व्हायचा. हे चित्र लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

मराठी विषय घेऊन मी बी. ए. झालो आणि १९९१ साली जवळच्या गावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. पुढे संगणक आणि ऑफसेट आलं, खिळ्यांचा जमाना संपला. १९९९ मध्ये छापखाना बंद झाला. लहान मूल घरात, हातात कसब एकच. अक्षरातली चूक लांबून दिसते, एवढंच. पुस्तकं छापतात पुण्यात आणि मी काष्टीत.

मित्रांनी सल्ला दिला, पुण्याला जा, कार्यक्रमांना जा, ओळखी वाढव. मी शंभर कार्डं छापून घेतली आणि एका पुस्तक प्रकाशनाला गेलो. दोन तास भिंतीला टेकून उभा होतो. लोक घोळक्यानं हसत होते. प्रत्येक घोळका मला दार बंद असलेल्या घरासारखा दिसत होता. शेवटी एक कार्ड मी शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना दिलं. ते म्हणाले, "मी इथला चहा सांभाळतो." दुसरं त्यांच्या मदतनीसाला दिलं. अठ्ठ्याण्णव कार्डं घेऊन मी रात्रीच्या गाडीनं दौंडला उतरलो. पुढे ती कार्डं मुलीला गणिताच्या खेळासाठी उपयोगी पडली.

त्या रात्री स्वतःचा राग आला होता. मग विचार केला, मला बोलता येत नाही, पण लिहिता येतं. मग लिहूनच का सांगू नये?

मी पाच लहान प्रकाशकांची पाच पुस्तकं वाचनालयातून आणली. प्रत्येकाची पहिली सोळा पानं, म्हणजे एक फर्मा, बारकाईनं तपासला. जे सापडलं ते एका कागदावर पान आणि ओळ घालून लिहिलं. सोबत पत्र. त्यात पहिल्यांदा पुस्तकात मला काय आवडलं ते लिहिलं, कारण ते खरंच आवडलं होतं. मग लिहिलं, पुढची आवृत्ती निघेल तेव्हा या दुरुस्त्या उपयोगी पडतील, याचे पैसे नकोत. आणि शेवटी एक ओळ, मी हे काम करतो, माझा दर पानाला इतका. पाचांपैकी तिघांनी उत्तर दिलं नाही. एकानं रागावून पत्र पाठवलं. एकानं मात्र दोनशे पानांचं हस्तलिखित पार्सलनं धाडलं. मला एकच हवा होता.

कविता लिहीत असल्यानं याच काळात मी अरुण कोलटकरांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. कोल्हापूरचा हा माणूस मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणारा मोठा कवी. त्यांच्या 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, 'भिजकी वही'ला पुढे साहित्य अकादमीचा. पण पोटासाठी ते काय करत? जाहिराती. मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात ते नावाजलेले कलादिग्दर्शक होते. या व्यवसायातला मानाचा कॅग पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. जाहिरात म्हणजे ओळखीपाळखीचा, गप्पांचा, मेजवान्यांचा धंदा. आणि त्यात हा माणूस असा की मुलाखती टाळायचा, घरी टेलिफोन ठेवायचा नाही. मग लोकांना ते सापडत कसे? मुंबईत काळा घोडा भागात वेसाइड इन नावाचं उपाहारगृह होतं. तिथं वर्षानुवर्षं ठरलेल्या दुपारी कोलटकर बसलेले असत. ज्याला भेटायचं त्यानं तिथं यावं.

हे वाचलं तेव्हा मला आमचं लिंबाचं झाड आठवलं. कोलटकर आणि माझे अब्बा यांची तुलना ऐकून कोणी हसेल, पण व्यवहार एकच होता. लोकांमागे फिरायचं नाही, पण लोकांना सापडायचं. जागा ठरलेली, वार ठरलेला आणि हातात चोख काम. गप्प माणसाला एवढं करता येतं. मीही तेच केलं. रोज सकाळी दहा ते अकरा माझा फोन चालू असतो, मी तो उचलतो आणि कामाचं बोलतो. बाकी वेळ जे सांगायचं ते लिहून. हे माझ्या प्रत्येक पत्रावर छापलेलं आहे. सुरुवातीला भीती वाटली की लोक म्हणतील, हा कोण मोठा लागून गेला. कोणी तसं म्हणालं नाही. उलट एक संपादकबाई म्हणाल्या, बरं झालं, तुम्हाला कधी गाठायचं ते तरी कळतं.

आता 'ओळखी वाढव' म्हणणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ते अगदीच चूक नाहीत. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, नव्या नोकरीची बातमी तुम्हाला कोणाकडून मिळाली? १९७३ साली त्यानं निष्कर्ष छापला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या शंभरांतल्या साधारण सतरा जणांनाच ती रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्या त्र्याऐंशी जणांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडे असते.

म्हणजे लांबच्या ओळखी पाहिजेत, हे खरं. प्रश्न असा की त्या जोडायला आपणच मांडवात फिरलं पाहिजे का? अब्बांनी पत्री मारलेला बैल बीडपर्यंत चालत जायचा. तिथं कोणीतरी विचारायचं, ही पत्री कुठली? बैल अब्बांची ओळख करून देत फिरत होता. मग माझं पुस्तक का फिरणार नाही? मी प्रकाशकांना अट घातली, पैसे थोडे कमी द्या, पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर, जिथं मुद्रकाचं नाव असतं, तिथं 'मुद्रितशोधन' म्हणून माझं नाव आणि गाव छापा. त्या एका ओळीनं मला जितकं काम दिलं तितकं शंभर कार्डांनी दिलं नसतं. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी त्या ओळीवरून काष्टीचा पिनकोड शोधून पत्र पाठवलं होतं.

दुसरं म्हणजे शंकापत्रक. प्रत्येक कामासोबत मी एक कागद जोडतो. त्यात चुका नसतात, प्रश्न असतात. 'पान ४० वर काकांचं वय ६० आहे, पान ९२ वर ५५. कोणतं ठेवायचं?' लेखक तो कागद वाचतो आणि त्याला कळतं की कोणीतरी आपलं पुस्तक खरोखर वाचलं. जे मला तोंडानं कधीच सांगता आलं नसतं ते हा कागद सांगतो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, या माणसानं गप्प राहून सगळं जिंकलं. तसं नाही. आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजूनही जड जातं.

काम मिळू लागलं, पण पैसे मागता येईनात. एका प्रकाशकाकडे माझे अडतीस हजार रुपये अडकले होते, चौदा महिने. काम पसंत होतं, तक्रार नव्हती. फक्त पैसे येत नव्हते आणि मी विचारत नव्हतो. रोज ठरवायचो, आज फोन करू. दहा ते अकरा ही माझीच वेळ, फोन समोर, आणि मी काहीतरी दुसरं काम काढायचो. मनाला समजावायचो, आपला स्वभावच नाही मागण्याचा. कवी माणूस आपण. देतील ते.

२००८ साली अब्बा आजारी पडले. दौंडला दाखवलं, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. खर्च मोठा होता. तेव्हाही मी तो फोन केला नाही. बायकोनं तिच्या पाटल्या मोडल्या आणि तिच्या भावाकडून उसने आणले. दवाखान्यात एका संध्याकाळी अब्बांनी विचारलं, पैसे कुठून आणलेस? मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "इसार लिया था क्या रे?"

इसार घेतला होता का? मी म्हटलं, नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी गेले. पैसे तीन महिन्यांनी आले. मी मागितल्यामुळं नाही, त्या कार्यालयात हिशोबनीस बदलला म्हणून.

तेव्हा मला तो रुमाल पहिल्यांदा नीट दिसला. अब्बा बोलत नव्हते हे खरं, पण बैल पाडायच्या आधी त्यांचा दर समोरच्याला माहीत असायचा आणि अर्धे पैसे पेटीत पडलेले असायचे. रुमालाखाली हात घालणारा शेतकरीही तोंड उघडत नव्हता, पण त्याचं बोट गुळमुळीत नव्हतं. पाच म्हणजे पाच. पटलं नाही तर तो हात झटकत होता. बोलायला न आवडणं हा माझा स्वभाव होता. पण माझ्या कामाचा भाव न सांगणं, घेतलेल्या कामाचे पैसे न मागणं, ही भीती होती. ती मी इतकी वर्षं स्वभावाच्या रुमालाखाली झाकून ठेवली होती. तिची किंमत मी भरली नाही, बायकोनं भरली.

त्यानंतर मी पद्धत बदलली. काम हातात घेण्याआधी एक लहान पत्र जातं. पानं किती, दर काय, किती दिवसांत देणार, आणि निम्मे पैसे आधी. पत्राच्या शेवटी मी चक्क 'इसार' असाच शब्द लिहितो. पुण्यातली काही तरुण मंडळी त्याचा अर्थ विचारतात. मी सांगतो आणि ते हसून पैसे पाठवतात. जो पाठवत नाही, त्याचं काम मी घेत नाही. काम पूर्ण होईल त्याच दिवशी बिल. पंधराव्या दिवशी आठवणीचं पत्र, तिसाव्या दिवशी दुसरं. ही पत्रं मी एका शांत दिवशी बसून आधीच लिहून ठेवलेली आहेत. फक्त नाव आणि रक्कम घालायची. त्या वेळी धीर गोळा करावा लागत नाही, तो आधीच कागदावर असतो.

आणि कायदाही आपल्या बाजूला आहे, हे एकट्यानं काम करणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात सेवा देणाराही बसतो, मग तो घरातल्या टेबलावर एकटाच का बसलेला असेना. 'उद्यम' नावाची नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अशी नोंदणी असलेल्याचे पैसे, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी आयकरासाठी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येते. मी कोणावर खटला भरलेला नाही. पण बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापलेला असतो. ती एक ओळ माझ्या वतीनं बोलते. म्हणून त्या पोराला मी पहिलं काम सांगितलं ते हेच, नोंदणी कर.

या मार्गाला मर्यादा आहेत, त्याही लपवत नाही. सरकारी आणि मोठ्या संस्थांची कामं माझ्यापर्यंत फारशी आली नाहीत. तिथं चार वेळा जाऊन बसावं लागतं. मी बसलो नाही, ज्यांनी बसून मिळवली त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि थोड्याच माणसांवर अवलंबून राहण्यात धोका असतो. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या चार प्रकाशकांपैकी दोघांनी पुस्तकं काढणं थांबवलं. निम्मं उत्पन्न एका महिन्यात गेलं. तेव्हा कळलं की ओळखी फार नकोत, पण इतक्या थोड्याही नकोत.

म्हणून तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी मी एक पत्र लिहितो. एकच. कधी जुन्या लेखकाला, कधी एखाद्या संपादकाला, कधी ज्याचं पुस्तक आवडलं अशा अनोळखी माणसाला. त्यात काम मागत नाही. एखाद्या शब्दाबद्दल लिहितो. आमच्या बाजारात अजून दात येऊन न पडलेल्या खोंडाला 'अदत' म्हणतात आणि सगळे दात आलेल्याला 'जुळलेला', असं काहीतरी. वर्षाला पन्नास पत्रं होतात. एका मेळाव्यात मी पन्नास माणसांना भेटलो असतो तर आजारी पडलो असतो. आठवड्याला एक माणूस मला पेलतो. त्या पत्रांतून हळूहळू सहा नवी माणसं जोडली गेली आणि त्यांतले दोन तर आता मित्र आहेत.

आता यंत्रंही शुद्धलेखन तपासतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. ते काम यंत्र माझ्याहून लवकर करतं आणि मी ते त्याला खुशाल देतो. पण काका साठ वर्षांचे की पंचावन्न, हा प्रश्न लेखकाला न दुखावता विचारायला अजून माणूस लागतो. आणि तो माणूस बडबडा असलाच पाहिजे असं नाही.

तो तरुण परवा परत आला होता. तीन छापखान्यांना त्यानं पत्रं लिहिली. प्रत्येकाच्या एका जुन्या पत्रिकेची नवी मांडणी करून सोबत जोडली, खाली दर लिहिला. दोघांकडून उत्तर नाही. तिसऱ्यानं काम दिलं. मी विचारलं, इसार? तो खाली बघायला लागला. म्हणाला, "चाचा, मागितला नाही. पहिलंच काम होतं."

मी त्याला रागावलो नाही. मी कोणत्या तोंडानं रागावणार? येत्या शनिवारी त्याला घेऊन बाजारात जायचं ठरवलं आहे. अब्बांचं लिंबाचं झाड आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेलं. सौदेही आता बरेचसे उघड बोलून होतात, पैसे मोबाइलवरून जातात. पण एखादा म्हातारा हेडी अजून खांद्यावरचा टॉवेल काढतो. तो त्या पोराला दाखवायचा आहे. तिथं बोलावं लागत नाही. पण दुसऱ्याच्या हातात आपला हात द्यावा लागतो आणि आपला भाव आपल्याच बोटांनी सांगावा लागतो. तेवढं आपल्या वतीनं दुसरं कोणी करत नाही.